दादा, मी रॅचेट बदलून आणलं

दादा,

तुझं रॅचेट मी बदलून आणलं. इतकी वर्षं तू जे करू दिलं नाहीस, ते मी भाऊबिजेच्या दिवशी केलं. तू गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. जुनं काउंटरवर ठेवलं, नवं पिशवीत घातलं आणि समोरच्या माणसाला थँक यू म्हणाले. या देशात राहून एवढं अंगवळणी पडलंय, की कुणी आपल्याकडून काही काढून घेतलं तरी तोंडातून थँक यूच बाहेर पडतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून द्या, असं सगळे म्हणताहेत. तू कॅनडात, विंडसरला, कधी आलास, गाड्यांच्या कारखान्यात टूलरूम कशी सांभाळलीस, मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी कसं उभं केलंस, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एवढी एकच गोष्ट लिहिता येते आहे, आणि तीही फार सावकाश. एक वाक्य लिहिते, उठते, गॅरेजचं दार उघडून आत बघते, परत येऊन बसते.

रॅचेट म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना सांगावं लागेल. मला तू सांगितलं होतंस. साधा पाना नटाला लावून थोडा फिरवला की काढून पुन्हा लावावा लागतो. रॅचेट काढावं लागत नाही. पुढे नेताना ते नट फिरवतं, मागे आणताना नुसतं कटकट करतं. "म्हणजे तुझ्यासारखं," तू म्हणाला होतास. "काम एका बाजूने, कटकट दुसऱ्या बाजूने."

तेव्हा मी नुकतीच तुझ्या जिवावर इकडे आले होते. पब्लिक लायब्ररीत पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायचं काम मिळालं होतं. दिवाळीत तू म्हणालास, "चल, दुकानात जाऊन येऊ." मला वाटलं ग्रोसरी. तू मला नेलंस ते एका भल्यामोठ्या दुकानात, जिथे दारातच बर्फ ओढायची फावडी उभी होती, पुढे हॉकीच्या काठ्या, रंगाचे डबे, मग हत्यारं, आणि पार मागच्या काउंटरवर गाड्यांचे सुटे भाग. वहिनी आलीच नाही. तिला ठाऊक होतं. तू प्रत्येक रांगेतून हिंडलास. एकेक हत्यार उचलायचास, तळहातावर तोलायचास, डोळे मिटायचास आणि होतं तिथे ठेवून द्यायचास. पक्कड उघडून ती आपल्या वजनाने मिटते का बघायचास. माझे पाय दुखायला लागले.

"घ्यायचं नसेल तर हात कशाला लावतोस सगळ्याला?"

"तू लायब्ररीतली सगळी पुस्तकं घरी नेतेस का?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तूही वाचणाराच माणूस आहेस, फक्त दुसऱ्या कपाटापुढे उभा राहणारा. एक रॅचेट तू तीनदा उचललंस. तीनदा परत ठेवलंस. तू मागच्या काउंटरवर बोलत असताना मी ते घेऊन टाकलं. भाऊबिजेला तुला ओवाळल्यावर तू माझ्या ताटात पुस्तक ठेवलंस आणि मी तुझ्या हातात ते जड लोखंड दिलं. वहिनी हसून हसून खाली बसली. तू म्हणालास, "अगं, ओवाळणी मी घालायची असते. तू उलटी रीत पाडू नकोस." पण रीत पडलीच. मग दर वर्षी भाऊबिजेच्या सकाळी आपण दोघं त्याच दुकानात जायचो, तू तासभर हिंडायचास, आणि कुठलं हत्यार परत ठेवताना तुझा हात रेंगाळतो ते मी लांबून बघायची.

ते पहिलं रॅचेट तू दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेलंस आणि कोरायच्या यंत्राने त्याच्या दांड्यावर देवनागरीत 'सुमाकडून' असं घालून आणलंस. आईच्या भांड्यांवर नावं असायची तसं. मी विचारलं, "तुझं नाव का नाही घातलंस?"

"माझं कशाला? माझ्याकडेच तर आहे. कुणी दिलं तेवढं विसरायला होतं."

तुला सगळे शांत माणूस समजायचे. त्यांनी तुला पार्ट्सच्या काउंटरवर पाहिलेलं नव्हतं. दुधाची रिकामी पिशवी धुवून, वाळवून तू ठेवायचास, आणि गाडीचा गंजलेला भाग त्या पिशवीत घालून दुकानात न्यायचास. काउंटरवरचा माणूस कंप्युटरकडे बघून विचारायचा, गाडी कोणती, साल कोणतं, इंजिन कुठलं. तू काही न बोलता पिशवीतून तो भाग काढून त्याच्यापुढे ठेवायचास, लग्नाच्या याद्या करताना पत्रिका ठेवावी तसा. "मॅच धिस," एवढंच म्हणायचास. त्याने आतून आणलेला भाग कंप्युटरप्रमाणे बरोबर असायचा आणि तुझ्या हातातल्याशी जुळायचा नाही. मग तुझा चेहरा असा काही फुलायचा की मी स्क्रूंच्या रांगेत जाऊन लपायची.

आता त्या भांडणाकडे येते, कारण ते अर्धं राहिलंय.

गेली काही वर्षं रॅचेट घसरायला लागलं होतं. आतले दात झिजले होते. जोर लावला की ते धरायचं नाही, एकदम सुटायचं, आणि तुझ्या बोटांची सालटी निघायची. तू ते उघडून रॉकेलमध्ये धुवायचास, ग्रीस भरायचास, आतली इवलीशी स्प्रिंग ताणून बसवायचास. चार दिवस नीट चालायचं. मग पुन्हा तुझ्या बोटांना पट्टी. हळद लावताना मी म्हणायची, "बदलून आण ना ते. आयुष्यभराची वॉरंटी आहे म्हणतोस. मोडकं द्यायचं, नवं घ्यायचं. एक प्रश्न विचारत नाहीत."

"आयुष्यभराची आहे म्हणूनच घाई नाही."

"बोटं तुटल्यावर जाणारेस का?"

"सुमा, बदलून आणलं तर ते दुसरं असेल."

"दुसरंच हवंय. हे बिघडलंय."

"तू फाटकी पुस्तकं चिकटवत बसायचीस ना? तेव्हा मी म्हणालो होतो का, फेकून दे, नवी प्रत मिळते?"

मग मी चिडायची. वहिनी गेल्यावर मी तुझ्याकडे राहायला आले, त्यानंतर हे भांडण आपल्या घरात एखाद्या माणसासारखं राहत होतं. ते नसतं, तर संध्याकाळी आपण काय बोललो असतो कोण जाणे.

हॉस्पिटलमध्येही आपण त्यावरच बोललो. बाहेर गारठा पडायला लागला होता. तू खिडकीकडे बघून म्हणालास, "हिवाळी टायर बसवायचे राहिले. पारा सातच्या खाली गेला की उन्हाळी रबर दगड होतं." मी म्हणाले, बदलेन मी, इतकी वर्षं नट धरून शेजारी उभी असते. तू हात वर केलास. नळीमुळे तो अर्धाच वर आला. "तू हात लावू नकोस. रॅचेट घसरतं. मला घरी येऊ दे."

आणि मी काय म्हणाले? "तरी सांगत होते, बदल म्हणून."

तेवढ्यात नर्स आली. त्यानंतर तू माझ्याशी काही बोललास असं म्हणता येणार नाही. आपल्या भांडणात शेवटचा शब्द माझा कधीच नसायचा. तो तेव्हा माझा झाला, आणि तो मला कुठे ठेवावा ते कळत नाही.

दिवाळी आली ती सुतक संपल्या-संपल्या. आकाशकंदील काढलाच नाही. मृणालचा एडमंटनहून फोन आला. तुझी लेक आता माझ्याशी मुद्दाम मराठी बोलते, आणि रडू आलं की तिची इंग्रजी सुरू होते. ती म्हणाली, "आत्या, भाऊबिजेला तू काय करणार? बाबा म्हणायचे, ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात."

"मला भाऊ आहे," मी म्हणाले.

ती म्हणाली, "ओके, आत्या."

भाऊबिजेच्या सकाळी घरात बसवेना. या दिवशी या वेळेला आपण दुकानात असतो. मी तुझं जाकीट चढवून गॅरेजमध्ये गेले आणि टायर काढायला घेतले. तू करायचास तसंच सगळं केलं. गाडी जमिनीवर असतानाच लांब दांडा लावून, त्यावर पाय देऊन नट सैल केले. मग जॅक लावला. मग रॅचेट. पहिले नट निघाले. एक गंजलेला होता, सैल करूनही अडकला. मी जोर लावला, ते सुटलं, आणि माझी मूठ गाडीच्या पत्र्यावर आदळली.

रक्त थोडंच आलं. पण दादा, तिथे तळघरासारख्या थंड जमिनीवर बसून मी जी ओरडले, तशी तुझ्या चितेपाशीही ओरडले नव्हते. तिथे तर कार्पेट होतं, दाहिनीचं बटण होतं, आणि लोक हळू आवाजात बोलत होते. मी तुला शिव्या दिल्या. एवढं साधं ऐकलं नाहीस म्हणून. एक काम तरी पुरं करू दे म्हणून. आणि तशीच उठले, बोटाला कागदी टॉवेल गुंडाळला, बस पकडून दुकानात गेले. मला त्या दिवशी तिथे जायचंच होतं. जायला काहीतरी कारण हवं होतं, आणि माझ्या हातात ते होतं.

काउंटरवरच्या माणसाने रॅचेट दोनदा फिरवून पाहिलं. "वॉव, ओल्ड वन," म्हणाला. मागे जाऊन नवीन आणलं. आणि तुझं रॅचेट त्याने न बघता पाठीमागच्या पिंपात टाकलं. आत आधीच लोखंड असणार. आवाज मोठा झाला. मी थँक यू म्हणाले आणि बाहेर आले. बसमध्ये मला खरोखर बरं वाटत होतं. जिंकल्यासारखं वाटत होतं.

घरी येऊन कात्रीने ते जाड प्लास्टिक कापलं. नवीन रॅचेट चकचकीत, तेलाचा वास येणारं. मी ते सवयीने उलटं केलं.

दांड्यावर काही नव्हतं.

मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं, दादा. यावर कोण विश्वास ठेवील? ज्या बाईने आयुष्यभर पुस्तकाच्या आतल्या पानावरचं नाव आधी वाचलं, तिच्या हे लक्षात आलं नाही. मी बदलून आणायचं म्हणत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फक्त आतले झिजलेले दात होते. दांड्यावरची खरखरीत नक्षी तुझ्या तळव्याखाली गुळगुळीत झाली होती, अंगठ्याच्या जागी खळगी पडली होती. तीही मी त्या पिंपात टाकली. तुझ्या बाकीच्या हत्यारांवरही 'सुमाकडून' आहे, कप्पेच्या कप्पे भरून आहे. पण ती कपाटात असायची. हे तुझ्या हातात असायचं.

मी दुकानात फोन केला. रेकॉर्ड केलेली बाई मला एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. पुन्हा बस पकडून गेले तर दिवे मालवलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी मी तिथे जाऊन उभी राहिले.

दार उघडलं ते हरप्रीत नावाच्या मुलीने. छातीवर नावाची पट्टी होती. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि मध्येच कधी हिंदीत गेले ते कळलं नाही. ती मला थेट आत घेऊन गेली. पिंप रिकामं होतं.

"आंटी, स्क्रॅपवाला सुबह ही ले गया. हफ्ते में एक बार आता है."

"आज ही क्यों आया?"

खुळ्यासारखा प्रश्न. तिने खांदे उडवले. "आपके हजबंड का था?"

"भाई का."

तिने माझ्या बोटावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग आत जाऊन कुणाला तरी फोन केला आणि भंगाराच्या यार्डाचा पत्ता एका पावतीच्या मागे लिहून दिला. म्हणाली, "जल्दी जाइए. वो लोग मिक्स कर देते हैं."

यार्ड नदीकडच्या बाजूला आहे, जिथून पलीकडचं डेट्रॉइट दिसतं. मी टॅक्सीने गेले. फाटकाजवळच्या केबिनमध्ये हेल्मेट घातलेला एक म्हातारा माणूस होता. आत जाता येणार नाही, म्हणाला. इन्शुरन्स, सेफ्टी. मी म्हणाले, एक रॅचेट आहे, चुकून आलंय, ओळखता येईल, त्यावर नाव आहे.

"हूज नेम?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. "माइन," म्हणाले.

त्याला वाटलं असेल, ही बाई स्वतःचंच हत्यार शोधायला आली आहे. त्याने मला एक पिवळं हेल्मेट दिलं, मोठे हातमोजे दिले आणि सकाळच्या गाड्यांनी जिथे माल ओतला होता त्या ढिगाच्या कडेला उभं केलं. "जस्ट द एज, मॅम. आय मीन इट." मी गुडघ्यांवर बसले. दादा, केवढं लोखंड. वाकलेले स्क्रू ड्रायव्हर, दांडा नसलेल्या हातोड्या, कुणाचं तरी सायकलचं चाक, ब्रेकच्या झिजून कागद झालेल्या थाळ्या. काही पान्यांना टेप गुंडाळलेली होती. एकावर लाल रंगाचा ठिपका होता, कुणीतरी आपलं ओळखू यावं म्हणून दिलेला. प्रत्येक वस्तू मी उलटी करून बघत होते. माझ्या समोर क्रेनला टांगलेलं मोठं चुंबक खाली यायचं, गठ्ठाच्या गठ्ठा उचलायचं आणि ट्रेलरमध्ये सोडायचं. एका खेपेला किती जात होतं. मी एकेक उचलत होते.

तो माणूस केबिनमधून आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याने मला घाई केली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "इट्स इन देअर समव्हेअर." मला वाटतं धीर द्यायला म्हणाला. मग मला हात देऊन उठवलं.

घरी आल्यावर मृणालला फोन केला. ती आधी म्हणाली, "आत्या, इट्स जस्ट अ रेंच. बाबांकडे इतकी टूल्स आहेत." मग तिचा आवाज बदलला. "ते माझ्या सायकलला वापरायचे तेच का?" हो म्हणाले. मग आम्ही दोघी फोन धरून बसलो. शेवटी ती म्हणाली, "आत्या, प्लीज, टायर शॉपमध्ये दे. कॉल समवन." मी हो म्हणाले.

दिली नाही. गाडी दोन दिवस एका बाजूने उचललेली तशीच उभी होती, लंगड्या जनावरासारखी, आणि मला ते बघवत नव्हतं. आज सकाळी बारीक बर्फ पडायला लागलं तेव्हा मी नवीन रॅचेट घेऊन गॅरेजमध्ये गेले. तो गंजलेला नट निघाला. चाक उचलवेना तेव्हा तू करायचास तसं फावड्याचं पातं त्याच्याखाली सरकवलं आणि दांड्याने उचलून बसवलं. नट समोरासमोरचे आवळले, गोल क्रमाने नाही. एक चाक झालं, दुसरं झालं. कंबर धरली तेव्हा दाण्यांच्या पोत्यावर बसून घेतलं, जे तू पक्ष्यांसाठी आणलं होतंस. दुपारपर्यंत चारही झाली.

रॅचेट एकदाही घसरलं नाही, दादा. हेच तुला सांगायचं होतं आणि हेच सांगवत नाही. मी इतकी वर्षं म्हणत होते ते खरं होतं. ते हाताला बसतं, दात नीट धरतात, बोटांना काही होत नाही. तुझी किती सालटी वाचली असती. आणि तू म्हणत होतास तेही खरं होतं. हे दुसरं आहे. दोघंही बरोबर असू तर भांडण संपायला हवं. ते संपलं असेल तर मग मी आता संध्याकाळी कुणाशी बोलू? जे मी तुला कधी म्हणाले नाही ते हे की मला ते भांडण जिंकायचं नव्हतं. तू बोटं पुढे करायचास, मी हळद लावायची, आणि आपण बोलत राहायचो. तेवढंच मला हवं होतं. त्यासाठी ते रॅचेट आणखी वीस वर्षं घसरलं असतं तरी चाललं असतं.

जॅक खाली घेतला. गाडी चार चाकांवर बसली. मी ती बाहेर काढून दारात उभी केली.

नवीन बसवलेल्या चाकांचे नट थोडी गाडी चालवून झाल्यावर पुन्हा आवळायचे असतात. पहिल्यांदा घट्ट वाटतात ते घट्ट नसतात, असं तू दर वर्षी म्हणायचास, आणि मग आपण उगीच नदीकाठच्या रस्त्याने चक्कर मारून यायचो. तेवढं केल्याशिवाय काम पुरं होत नाही. किल्ली माझ्या हातात आहे. काचेवर बर्फ साठतंय. बाहेर पडायला हवं, आणि मला कुठे जायचं आहे ते सुचत नाही.

तुझी,
सुमा